वकिलाच्या मोटारीतली बाई

जुन्या फोटोतली मोटार ओळखून देणं हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग आहे. उद्योग हा शब्द माझा. बायको त्याला रिकामपण म्हणते. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून सगळी नोकरी झाली, कालव्यांचे नकाशे काढून काढून मान वाकली, आणि आता बीदरला घरी बसून मी लोकांच्या आजोबा-पणजोबांच्या मोटारी ओळखतो. मोबाइलवर आमचा एक ग्रुप आहे. पुणे, हैदराबाद, सोलापूर, कुठून कुठून लोक फोटो टाकतात. मडगार्डचा बाक, दिव्यांची उंची, चाकाच्या लाकडी आऱ्या, दाराची कडी, एवढ्यावरून मोटार कुठल्या देशाची आणि साधारण कुठल्या काळातली हे आम्ही सांगतो. ज्यांना यातलं काही कळत नाही ते 'वा, काय सुंदर गाडी' असं लिहून खाली फुलांची चित्रं टाकतात. अशांना ग्रुपमधून काढा म्हणून माझं कितीदा तरी भांडण झालं आहे.

आमच्या भागातले फोटो आले की मात्र सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. मागे एकानं एका बसचा फोटो टाकला. बसच्या मागे उभं पिंप, त्याला नळी, खाली राख. न्हाणीघरातला बंब बसला कशाला लावलाय, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना तेव्हा बसगाड्या कोळशाच्या गॅसवर चालायच्या. माझे वडील लहानपणी अशाच बसनं उदगीरहून बीदरला आले होते, आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं असा रिवाज होता. दुसऱ्या एकानं पणजोबांची 'अत्यंत दुर्मिळ' मोटार टाकली. तिची चाकं जमिनीला टेकतच नव्हती. ती गाणगापूरच्या जत्रेत एखाद्या फोटोवाल्यानं उभी केलेली, फळ्या रंगवून केलेली मोटार होती, आणि मी तसं लिहिलं. पणतू रागावून ग्रुपमधून गेला. मला काही वाईट वाटलं नाही.

हे वेड मला लागलं ते घरातल्याच एका फोटोमुळं. वडील शाळामास्तर, म्हणजे बदल्या आल्या आणि बिऱ्हाडं बदलणं आलं. पण प्रत्येक बिऱ्हाडात पुढच्या खोलीत, देवांच्या तसबिरींच्या शेजारी, तो फोटो लागायचा. एक उघडी मोटार, मागचा टप तेवढा उभारलेला. दसऱ्याचा दिवस असावा, कारण पुढं दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधलेले आणि झेंडूच्या माळा इतक्या घातलेल्या की नंबरची पाटी पार झाकून गेलेली. ड्रायव्हरची जागा रिकामी. बाजूला फेटा बांधून, लांब कोट घालून माझे आजोबा उन्हात उभे. मागच्या सीटवर टपाच्या सावलीत एक बाई बसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली, चेहरा जरा पुसट.

आजोबा तेव्हाच्या गुलबर्ग्यात, म्हणजे आताच्या कलबुर्गीत, एका वकिलाकडे कारकून होते. मोटार वकिलाची आणि बाई वकिलाची बायको, असं आम्हाला सांगितलेलं. आम्ही तिला वकिलीणबाई म्हणायचो. पाहुण्यांना फोटो दाखवताना 'हे आजोबा आणि ह्या वकिलीणबाई' असं इतक्या सरावानं म्हणायचो की ती जणू आमच्याच घरात वाढलेली. पण माझं लक्ष तिच्याकडे कधीच नसायचं. शाळेतून आलो की दप्तर टाकून मी स्टुलावर चढायचो आणि चाकाच्या आऱ्या मोजायचो. त्या मोटारीला पुढं जाळी नव्हती. बॉनेट पुढं उतरत गेलेलं, सूप पालथं घातल्यासारखं. रस्त्यावर दिसणाऱ्या कुठल्याच मोटारीशी ती जुळत नसे. त्या वयात मला जगातली सगळ्यात देखणी वस्तू तीच वाटायची, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटते.

माझी आजी मात्र त्या मोटारीचं नाव काढलं की नाक मुरडायची. "मी लगीन होऊन आले तवर वकिलानं ती इकून टाकली व्हती. माझ्या नशिबात बैलगाडीच," असं ती दर वेळी ऐकवायची. आजी ही आजोबांची दुसरी बायको. पहिली बायको एक मुलगी ठेवून बाळंतपणातच गेली. ती मुलगी म्हणजे माझी आत्या.

वडील तिला अक्का म्हणायचे. सावत्र हा शब्द आमच्या घरात मी कधी ऐकला नाही. वडिलांना तिनंच कडेवर घेऊन वाढवलं होतं. तिला ठाणाकुशनूरला दिली होती. दसऱ्या-दिवाळीला माहेरपणाला यायची ती घर डोक्यावर घेत यायची. बांगडीवाल्याशी दखनीत घासाघीस, शेजारणीशी कानडीत गप्पा, शेतावरच्या बायांची तेलुगूतली भांडणं आम्हाला करून दाखवणं, असं सगळं एका दमात चालायचं. तिच्या येण्यानं आमच्या मास्तराच्या घरात चार दिवस आवाज व्हायचा. ते दिवस आठवले की मला अजून हुरहूर लागते.

तिचं दुखणं एकच होतं. तिला आपल्या आईचा चेहरा ठाऊक नव्हता. आईचं माहेर भीमेपलीकडे, सोलापूरच्या बाजूला. आजोबांनी दुसरं लग्न केल्यावर त्या लोकांनी येणंजाणं तोडलं. आजोबाही लवकर गेले, आत्या तेव्हा परकरात होती. आई सासरच्या खेड्यातल्या घरी फारशी राहिलीच नव्हती. लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर गुलबर्ग्याला भाड्याच्या खोलीत गेली. गावात ज्यांनी तिला पाहिलं त्यांनी डोळ्यांपर्यंत पदर ओढलेली नवी सून पाहिली, बाकी काही नाही.

आत्या मात्र विचारायचं सोडत नसे. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला तिच्या आईच्या नावानं आमच्याकडे सवाष्ण जेवायला असायची. आत्या त्या दिवशी हटकून यायची आणि कुणी म्हातारं माणूस दिसलं की त्याच्याजवळ जाऊन बसायची. "माझी माय दिसायला कशी व्हती ओ?" एक जण म्हणायचा गोरी होती. दुसरी कुणी म्हणायची सावळी, पण नाकीडोळी नीटस. तिसरं कुणी "लई चांगली व्हती बघ" म्हणून भाताला हात घालायचं. मेलेल्या माणसाला चांगलं म्हटलं की लोक मोकळे होतात. आत्या हिरमुसून आत जायची आणि उगाच भांडी आवरायची. मला त्या म्हाताऱ्यांचा राग यायचा.

आता पदराचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या घरच्या बायका पदर उजव्या खांद्यावर घ्यायच्या. आता सुना-लेकी सगळ्या डाव्याच खांद्यावर घेतात. आत्यासारख्या चार म्हाताऱ्या सोडल्या तर उजवा पदर दिसत नाही. पण पूर्वी आमच्या या सरहद्दीच्या मुलखात बाई लांबून येताना दिसली की माणसं आधी खांदा बघायची. उजवा पदर असला की अमक्यातली, डावा असला की तमक्यातली. सोयरीक बोलताना मुलीच्या रंगाआधी हे विचारलं जायचं. चेहरा ओळखण्यात माणूस चुकेल, पदर ओळखण्यात चुकणार नाही, अशी सगळ्यांची खात्री होती.

आजोबा गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा हा फोटो तळाशी, धोतराच्या घडीत निघाला. वडील तो प्रसंग नेहमी सांगायचे. घरच्या थोरल्या बायकांनी फोटो दारात उजेडाला धरला. मग आजोबांच्या आईनं डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "आपल्यातली न्हाई. डावा पदर हाय." झालं, विषय मिटला. वकिलाच्या घरचा पदर डावा, मोटार वकिलाची, तेव्हा बाई वकिलाची बायको. मालकाच्या बायकोचा फोटो हा माणूस ट्रंकेच्या तळाशी धोतरात गुंडाळून कशाला ठेवील, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मोटारीपायी ठेवला असेल, म्हणाले. मला ते लहानपणापासून पटलेलं होतं. मी असतो तर मोटारीपायीच ठेवला असता.

वडील गेल्यावर फोटो माझ्याकडे आला. निवृत्त झालो, ग्रुप मिळाला, तेव्हा पहिली ओळखायची ती ही मोटार, असं मी ठरवून टाकलं. उतरत्या नाकावरून देश लगेच कळला. फ्रान्स. त्या बनावटीत पाणी थंड करायची जाळी पुढं नसून इंजिनाच्या मागे असायची, म्हणून नाक असं मोकळं. फोटो काढला तेव्हाच ती चांगली जुनी झालेली असणार. वकिलानं हैदराबादेहून कुणाकडची तरी वापरलेली उचलली असावी. एवढं जमलं, पण एक गोष्ट जुळेना. फोटोत स्टिअरिंग डावीकडे होतं, आणि गिअरचा, ब्रेकचा दांडाही डावीकडेच बाहेर आलेला. त्या काळातल्या त्या बनावटीच्या जेवढ्या मोटारी मी फोटोत पाहिल्या, त्या सगळ्यांचं स्टिअरिंग उजवीकडे.

मला आनंदाचं भरतं आलं. म्हणजे आमच्या घरातल्या भिंतीवर अशी मोटार होती जी जगात दुसरीकडे कुठंच नाही. मी ग्रुपवर तसं जाहीर करून टाकलं. पुण्याचे एक निवृत्त इंजिनिअर आहेत, त्यांनी फक्त 'शक्य नाही' असं लिहिलं. मी त्यावर भलंमोठं उत्तर लिहिलं, फोटोवर बाण काढून दाखवले. त्यांचं परत 'शक्य नाही'. माणसानं भांडावं तरी नीट. मी महिनोन् महिने त्या माणसाच्या मागे लागलो. बायको म्हणाली, "तेवढं माझ्याशी भांडला असता तर घरात जरा बोलणं तरी झालं असतं."

शेवटी मी माझ्या जुन्या पद्धतीवर आलो. मला डोळ्यांपेक्षा पेन्सिलीचा भरवसा जास्त. खात्यात दोन नकाशे ताडून बघायचे असले की एकावर ट्रेसिंग पेपर घालायचा, रेघा उतरवायच्या, आणि तो कागद दुसऱ्यावर ठेवायचा. मी आमचा फोटो मोठा छापून घेतला, ट्रेसिंग घालून मोटार उतरवली, आणि सवयीनं आजोबा आणि मागची बाईही उतरवली. मग त्याच बनावटीच्या एका उजव्या स्टिअरिंगच्या मोटारीचा जुना फोटो त्याच मापाचा करून टेबलावर ठेवला. ट्रेसिंग त्यावर घालून बघितलं तर काहीच जुळेना. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. वैतागून चहाला उठलो.

परत आलो तर पंख्याच्या वाऱ्यानं ट्रेसिंग उडून खाली पडलेलं. ते उचलून फोटोवर टाकलं, चष्मा चढवला आणि बघतो तर सगळं जुळलेलं. नाक, मडगार्ड, दिवे, स्टिअरिंग, बाहेरचा दांडा, सगळं रेघेवर रेघ. कागद पालथा पडला होता.

मग मी पहिल्यांदाच मोटार सोडून आजोबांच्या कोटाकडे बघितलं. बटणं पुरुषांच्या कोटाला नसतात त्या बाजूला होती. फोटोच उलटा छापलेला होता. तेव्हा काचेवर फोटो काढायचे. छापताना काच पालथी पडली की डाव्याचं उजवं होतं, आणि मधे काचेची जाडी आल्यामुळं चित्र जरा पुसटही उमटतं. नंबरची पाटी उघडी असती तर उलटे आकडे पोरासोरांनाही दिसले असते. झेंडूच्या माळांनी घात केला होता.

खरं सांगतो, मला आधी वाईटच वाटलं. माझी जगावेगळी मोटार चारचौघींसारखी निघाली, आणि वर त्या पुण्याच्या माणसाला 'तुमचं बरोबर' असं लिहावं लागणार होतं. मी तोंड पाडून स्वयंपाकघरात गेलो. बायको शेपू निवडत होती. तिला म्हणालो, मोटार उलटी आहे, फोटोच उलटा आहे.

तिनं मान वर केली नाही. "मोटार उलटी हाय तर माणसं सुलटी कशी असतील?" म्हणाली.

मी टेबलापाशी आलो आणि ट्रेसिंग पालथं करून खिडकीच्या काचेला धरलं. बाईचा पदर उजव्या खांद्यावर होता.

वकिलीणबाई उजवा पदर घेणार नाहीत. आजोबांना बहीण नव्हती. त्यांची आई गाव सोडून कधी गुलबर्ग्याला गेली नाही. आणि माझी आजी घरात आली तेव्हा ती मोटार विकून झाली होती, हे तर तिनं आम्हाला पाठच करून दिलं होतं. मग दसऱ्याच्या दिवशी, आजोबांच्या शेजारी, वकिलाच्या मोटारीत आमच्यातली कोण बसणार? एकच बाई उरत होती. ज्या घरात आत्या आईचा चेहरा विचारत फिरली, त्याच घराच्या भिंतीवर तो टांगलेला होता. बायको हातातला शेपू तसाच घेऊन माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. आम्ही दोघंही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन स्टुडिओत गेलो. सुलटा करून मोठा छापून द्या म्हणालो. स्टुडिओवाल्यानं ते चुटकीसरशी केलं आणि म्हणाला, "सर, चेहरा क्लिअर करून देऊ का? आता कॉम्प्युटरच करायलाय समदं." मला मोह झाला. आत्याचे डोळे अधू, असला पुसट चेहरा तिला काय दिसणार? करा म्हणालो. बघता बघता पडद्यावर कोरलेल्या भुवया आल्या, टपोरे डोळे आले, ओठ आले. दागिन्यांच्या जाहिरातीतली बाई वाटावी असा चेहरा. "कशी जिवंत झाली बघा," तो खूश होऊन म्हणाला.

"हे डोळे कुठून आणलेत?" मी विचारलं.

"त्ये अंदाजानं भरतंय, सर."

माझं डोकं फिरलं. आत्यानं जन्मभर अंदाजच ऐकले होते. गोरी, सावळी, नीटस. त्यात आता या यंत्राची भर. मी म्हणालो, पुसा ते सगळं, आहे तसं छापा. साडीला रंग तरी भरू का, त्यानं भीत भीत विचारलं. काही भरू नका म्हणालो, आणि आवाज बराच चढला असावा, कारण बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावून बघायला लागली. फोटो हातात आला तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं झालं. काम चांगलं केलंत, असं त्याला दोनदा सांगून बाहेर पडलो.

ठाणाकुशनूरच्या बसमध्ये दोन्ही फोटो मांडीवर घेऊन बसलो होतो, जुना फ्रेमसकट आणि नवा पुठ्ठ्यावर चिकटवलेला, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेले. शेजारच्यानं विचारलं, देवाचा फोटो हाय का? मी व्हय म्हणालो. खिडकीबाहेर तुरी फुलावर आल्या होत्या. आत्या नव्वदीला टेकलेली. तिला हे पटलं नाही तर? 'जाऊ दे, आता काय करायचंय' असं म्हणून तिनं फोटो परत दिला तर? तिनं विचारायचं सोडून दिल्यालाही बरीच वर्षं झाली होती. विचारावं असं कुणी म्हातारं माणूसच उरलं नव्हतं.

आत्या अंगणात खाटेवर बसून मूग निवडत होती. मला बघून म्हणाली, "कामून आलास रे असा अचानक? समदं बरं हाय न्हवं?"

"बरं हाय, आत्या. तुला एक दाखवायचंय." मी आधी जुना फोटो काढून तिच्यापुढं धरला.

"त्यात काय बघायचं? वकिलीण हाय ती," ती म्हणाली आणि परत मुगाकडे वळली. "मला मोटारीतलं काई कळत न्हाई बाबा, तुझं तुला लखलाभ."

मी समजावून सांगायला लागलो. काच, काचेची बाजू, छापणं. मला नकाशे समजावून सांगता येतात, माणसाला सांगायची वेळ आली की जीभ अडखळते. "काय बोलायलास, मला काईच कळंना," आत्या म्हणाली. शेवटी तिची सून, म्हणजे आमची वहिनी, आतून भिंतीवरचा आरसा काढून घेऊन आली. तिनं तो खाटेवर उभा धरला आणि मी त्याच्यासमोर फोटो धरला.

आत्या पुढं वाकली. आरशातल्या फोटोकडे बघितलं, तिथं बाईचा पदर उजव्या खांद्यावर आला होता. मग त्याच आरशात स्वतःकडे बघितलं. तिचा हात आपल्या उजव्या खांद्यावर गेला आणि तिथंच राहिला.

"आरशात माझा बी पदर डावाच दिसतोय की," ती हळू म्हणाली. "रोजच तर बघते मी."

मी फोटो आरशासमोर तसाच धरून ठेवला.

"म्हंजे ही आपल्यातली हाय."

"व्हय."

"कोण हाय मग?"

येताना बसमध्ये मी बरंच काही ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. "तुझी माय, आत्या," एवढंच म्हणालो.

वहिनीनं मुगाचं ताट बाजूला केलं. मी नवा फोटो आत्याच्या मांडीवर ठेवला. तिनं तो दोन्ही हातांनी उचलून नाकाजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. चेहरा पुसट आहे, याहून स्पष्ट होत नाही, असं मी सांगितलं. "असू दे," म्हणाली. वहिनी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. आत्या रडेल असं मला वाटत होतं, ती रडली नाही. बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीचाच होता.

"मला लई राग यायचा हिचा," ती म्हणाली. "बारीक असल्यापसून. बाप माझा उन्हात हुबा, आन् ही परक्याची बायको सावलीत बसलेली. नोकर म्हणून हुबा केला असंल असं वाटायचं. माहेरी आले की समदे फोटू पुसायची मी, ह्यो न्हाई पुसायची. तुमच्या कुणाच्या ध्यानात आलं न्हाई."

खरंच आलं नव्हतं.

"तर ह्यानंच बसवलं व्हतं तिला," आत्या म्हणाली. तिनं फोटोतल्या आजोबांवर बोट ठेवलं. "आपण उन्हात हुबा राहून."

वहिनी आरसा उचलून आत गेली ती लवकर बाहेर आली नाही. आत्या फोटोकडेच बघत होती. मग तिनं आमच्या घरात आजवर कुणीच विचारलं नव्हतं ते विचारलं. "ही मोटार कसली व्हती रे? तू सांगायचास, मी कधी ध्यान देऊन ऐकलं न्हाई. आता सांग."

मी सांगितलं. समुद्रापलीकडून, फ्रान्समधून आलेली. दिवे पितळेचे, चाकं लाकडाची, पुढं दांडा घालून जोर लावून फिरवला की चालू व्हायची. आत्या मान हलवत ऐकत होती, पण तिला हवं होतं ते यात नव्हतं, हे मला कळत होतं.

"मागची गादी मऊ असायची का?" तिनं विचारलं.

"मऊ असायची, आत्या. वरून चामडं, आत घोड्याचे केस भरलेले, खाली स्प्रिंगा."

"आन् धक्के?"

"रस्ते खराब व्हते तेव्हा. पण मागं बसलेल्याला कमी लागायचे."

"मग बरं," आत्या म्हणाली. "आरामात बसली असंल."